टर्डकेनचा खटाटोप कुणी करावा?

सणाच्या स्वयंपाकातला अट्टहास हा यंदाच्या अंकाचा विषय. या अट्टहासाचं टोक शोधत गेलं, की अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या लुइझियाना राज्यात येऊन थांबावं लागतं. तिथल्या थँक्सगिव्हिंगच्या आणि नाताळच्या जेवणात टर्डकेन नावाचा एक पदार्थ असतो. अख्ख्या कोंबडीची हाडं काढायची, तिच्यात सारण भरायचं, ती कोंबडी हाडं काढलेल्या बदकात ठेवायची आणि ते बदक हाडं काढलेल्या टर्कीत. प्रत्येक दोन पक्ष्यांच्या मध्ये सारणाचा आणखी एक थर. मग दाभण आणि जाड दोरा घेऊन टर्की शिवून टाकायची आणि ओव्हनमध्ये सरकवायची. नावाजलेल्या कृतीत टर्की नऊ ते अकरा किलोची, बदक दोन किलोचं आणि कोंबडी दीड-पावणेदोन किलोची लागते. बाहेर येतो तेव्हा हा ऐवज साध्या भाजलेल्या टर्कीसारखाच दिसतो, फक्त जरा बसका. सुरी आडवी फिरली आणि पहिला काप ताटात पडला, की आतले थर दिसतात.

आपल्याकडच्या वाचकाला हा पदार्थ दूरचा वाटेल. पण अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये थँक्सगिव्हिंगची गुरुवार ते रविवार अशी सलग सुट्टी हा आता एकत्र जमण्याचा हक्काचा मुहूर्त झाला आहे, आणि दोन-तीन कुटुंबं जमली की काहीतरी भव्य करण्याची हौस येतेच. त्यामुळे प्रश्न खरा आहे: हा खटाटोप करण्याजोगा आहे का? माझं उत्तर असं की टर्डकेन हा मुळात खाटकाच्या दुकानातला, अनेक हातांचा पदार्थ आहे. तो तिथून आणावा. एका घराच्या स्वयंपाकघरात, एका माणसाच्या अंगावर तो पडला, की लागणारे कष्ट आणि ताटात येणारी चव यांचा मेळ बसत नाही.

हाडं काढणारे हात

लुइझियानाच्या दक्षिण भागात लाफायेत शहराच्या खाली मॉरिस नावाचं छोटं गाव आहे. तिथं हेबर्ट बंधूंनी १९८४ साली मांसाचं दुकान काढलं. दुकानाकडून सांगितली जाणारी हकिकत अशी, की पुढच्याच वर्षी एक शेतकरी स्वतःचे पक्षी घेऊन आला आणि ते एकात एक भरून द्या म्हणाला. दुसरा दावा पॉल प्रुडोम यांचा. ऑपेलुसासजवळच्या शेतकरी कुटुंबातलं हे तेरावं, शेंडेफळ मूल पुढं न्यू ऑर्लिन्समध्ये के-पॉल्स हे हॉटेल काढून जगभर गाजलं. त्यांनी १९८६ साली टर्डकेन हे नाव नोंदवून घेतलं आणि १९८७ च्या कौटुंबिक पाकपुस्तकात सविस्तर कृती छापली. पहिला कोण, हा वाद मिटण्यासारखा नाही आणि त्यात फारसं हशीलही नाही. माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं एवढंच, की शेतकऱ्याला हे काम घरी करावंसं वाटलं नाही. तो पक्षी घेऊन दुकानात गेला.

ते का, हे हाडं काढायच्या कामाकडे जवळून पाहिलं की कळतं. पक्षी पालथा ठेवतात आणि पाठीच्या कण्यावरून सरळ एक चीर देतात. मग लहान, टोकदार, लवचीक सुरीचं टोक सतत हाडाला घासत ठेवून बरगड्यांवरून मांस सोडवत दोन्ही बाजूंनी खाली यायचं. वाटेत मांडीचा सांधा लागतो. तो उखळीतून निखळवावा लागतो, तसाच पंखाचाही. मानेखालचं दुबेळक्याच्या आकाराचं हाड आधीच काढलेलं असलं तर बरं, नाहीतर सुरी तिथं अडते. सगळ्यात नाजूक जागा शेवटी येते. छातीच्या हाडाच्या कण्यावर कातडीच्या खाली मांस जवळजवळ नसतं. सुरीची धार तिथं जरा वर झाली की कातडीला भोक पडतं, आणि त्या भोकातून पुढं सारणही येतं आणि रसही. टर्कीची तंगडी आणि पंखांची टोकं हाडासकट ठेवतात, म्हणजे शिवल्यावर पक्ष्याला पक्ष्याचा आकार येतो. कोंबडी आणि बदक मात्र पूर्ण सपाट होतात, घडी उलगडलेल्या कापडासारखे.

रोज हेच करणाऱ्या माणसाला एका कोंबडीला काही मिनिटं लागतात. पहिल्यांदा करणाऱ्याचा तिन्ही पक्ष्यांत मिळून अर्धा दिवस जातो. बदक त्यातही कठीण, कारण चरबीनं हात आणि सुरी दोन्ही निसटत राहतात. त्यानंतर तीन वेगवेगळी सारणं करायची: मक्याच्या पावाचं, आंदुइ नावाच्या धुरावलेल्या सॉसेजचं, कोळंबीचं किंवा कालवांचं. ती पूर्ण थंड करायची, थर लावायचे आणि शिवायचं. शिवताना एकानं दोन्ही कडा ओढून धरायच्या आणि दुसऱ्यानं टाके घालायचे. दहा-बारा किलोंचा, हाडांचा आधार नसलेला गोळा पालथा करायलाही दोन माणसं लागतात. इथं एकट्याचं काम असं जवळजवळ काही नाहीच.

तो प्रदेशच अशा कामाचा आहे. १७५५ पासून ब्रिटिशांनी कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरून हाकलून दिलेले फ्रेंच भाषक अकेडियन लोक पुढं लुइझियानात येऊन वसले. त्यांचेच वंशज आजचे केजन. त्यांच्यात थंडीच्या दिवसांत गावानं मिळून डुक्कर कापायची रीत होती. शीतपेटी नव्हती, मांस टिकत नव्हतं, म्हणून आज एकाच्या अंगणात आणि पुढच्या खेपेला दुसऱ्याच्या, असं सगळे मिळून कापत, भरत, तळत आणि वाटून नेत. भात आणि मांस भरलेली बुदँ ही सॉसेज आजही तिथल्या पेट्रोल पंपांवर गरम मिळते. हाडं काढून भरलेली कोंबडी त्या दुकानांतला नेहमीचा माल. टर्डकेन या परंपरेतून आला आहे. हत्यारं, हात आणि सवय आधीपासून तयार होती, पदार्थ मागून आला.

मध्यापर्यंत पोहोचणारी आच

कष्ट बाजूला ठेवून फक्त चवीचा विचार करू. भाजलेल्या पक्ष्याचं सुख मुख्यतः कातडीत असतं. कोरडी, कडक उष्णता लागली की कातडीखालची चरबी सुटते, पाणी उडतं आणि कातडी खरपूस होते. मांस तांबूस होऊन त्याला खमंगपणा येतो तो साधारण १४० अंश सेल्सियसच्या वर. टर्डकेनमध्ये हे भाग्य एकट्या टर्कीच्या बाहेरच्या कातडीला लाभतं. आतलं बदक आणि कोंबडी चारी बाजूंनी ओल्या सारणात बंद असतात. तिथलं तापमान शेवटी जेमतेम ७४ अंशांपर्यंत जातं. म्हणजे आतले दोन पक्षी भाजले जातच नाहीत, स्वतःच्या अंगच्या पाण्यात उकडतात. त्यांची कातडी लिबलिबीत राहते. बदकाच्या बाबतीत हे जास्त खटकतं. कातडीसह कच्च्या बदकाच्या १०० ग्रॅम मांसात जवळपास ३९ ग्रॅम चरबी असते. उघड्यावर भाजताना ती गळून खाली तव्यात जमते आणि वर कुरकुरीत पापुद्रा उरतो. टर्डकेनमध्ये तिला जायला वाटच नाही. ती सारणात मुरते, किंवा अर्धवट वितळून कातडीखालीच बसून राहते.

दुसरी अडचण आकाराची. साध्या टर्कीचं पोट पोकळ असतं, गरम हवा आत शिरते, आणि मांसाची जाडी कुठंच फार नसते. सहा-साडेसहा ते आठ किलोंची न भरलेली टर्की १६३ अंशांच्या ओव्हनमध्ये चार तासांच्या आसपास होते. टर्डकेनमध्ये पोकळी राहत नाही, तो भरीव गोळा होतो. भरीव वस्तूत जाडी दुप्पट झाली, की मध्यापर्यंत उष्णता पोहोचायला साधारण चौपट वेळ लागतो. ओव्हन कडक ठेवला तर मध्य शिजेपर्यंत टर्कीच्या छातीचं बाहेरचं मांस कोरडंठक्क पडतं. मंद ठेवला तर सगळं सारखं शिजतं, पण फार सावकाश. प्रुडोम यांनी दुसरा रस्ता धरला: ओव्हन ८८ अंशांच्या आसपास आणि वेळ बारा-तेरा तास. स्वयंपाकी म्हणून त्यांचा विचार बरोबर होता. पण अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला असा, की कोंबडीवर्गीय मांस १६३ अंशांपेक्षा कमी तापलेल्या ओव्हनमध्ये भाजू नये. मऊपणा आणि सुरक्षितता इथं एकमेकांच्या विरुद्ध ओढतात.

या सुरक्षिततेकडे घरगुती उत्साहात सहज दुर्लक्ष होतं, म्हणून त्यावर जरा थांबतो. ४ ते ६० अंश या पट्ट्यात जंतू झपाट्यानं वाढतात. अख्ख्या पक्ष्यावर ते मुख्यतः पृष्ठभागावर असतात, आणि पृष्ठभागालाच सगळ्यात आधी आच लागते. टर्डकेनमध्ये आपण तीन पक्ष्यांचे पृष्ठभाग सुरीनं उघडतो, हातांनी दाबतो, सारण लावतो आणि त्यातले बहुतेक नेमके मध्यात नेऊन ठेवतो. उष्णता जिथं सर्वांत शेवटी पोहोचते ती हीच जागा. शेवटी मध्यभागी थर्मामीटरनं ७४ अंश दाखवले, की साल्मोनेलाची भीती जाते. पण काही जंतू दरम्यानच्या तासांत जे विष तयार करतात, ते नंतरच्या आचेनंही नाहीसं होत नाही. दुकानात पक्षी थंड खोलीत सोलले जातात, सारण थंड असतं, काम मिनिटांत उरकतं आणि माल लगेच गोठतो. घरच्या ओट्यावर, गप्पा मारत, अर्धा दिवस उघडं पडलेलं मांस ही वेगळीच गोष्ट आहे.

सतरा पक्षी आणि एक बंद भांडं

एकात एक पक्षी बसवण्याचा एवढा जुना आणि एवढ्या देशांत आवडलेला प्रकार चवीला कमी कसा असेल, असं कुणी विचारेल. जुन्या कृती नीट वाचल्या तर त्याचं उत्तर त्यांच्यातच मिळतं. हॅना ग्लास या इंग्रज बाईंच्या १७४७ च्या पाकपुस्तकात यॉर्कशर ख्रिसमस पाय आहे. कबुतर तित्तिरात, तित्तिर कोंबडीत, कोंबडी हंसात आणि हंस टर्कीत, सगळे हाडं काढलेले. शिवाय कडेनं सशाचे तुकडे, वर दोन किलोंच्या घरात लोणी. पण हे सगळं एक बुशेल, म्हणजे जवळजवळ पंचवीस किलो, पिठाच्या जाड भिंतींच्या पेटाऱ्यात बंद करायचं. भिंती जाड का, तर हे पाय पेटीत घालून लंडनला भेट म्हणून पाठवले जात. पदार्थाचं काम टिकणं आणि प्रवास सोसणं हे होतं. मांस त्या पिठाच्या कोटाच्या आत लोण्यात आणि रसात शिजे, आणि थंड झाल्यावर कापून खाल्लं जाई.

फ्रान्समधल्या ग्रिमो द ला रेनिएर यांनी १८०७ साली याच्या कितीतरी पुढची मजल मारली. त्यांच्या कृतीत माळढोकाच्या जातीच्या मोठ्या पक्ष्यापासून सुरुवात होते आणि टर्की, हंस, फेझंट, कोंबडी, बदक असं उतरत उतरत सतराव्या पक्ष्यापर्यंत, एका चिमुकल्या वटवट्यापर्यंत, येऊन पोचतं. त्याच्याही आत एक ऑलिव्ह. या भाजणीला जोड नाही असं नावच त्यांनी तिला दिलं. पण कृती काय सांगते? सगळा ऐवज कांदे, लवंगा, गाजरं, हॅम, सेलरी, धने, लसूण यांच्यासोबत भांड्यात ठेवायचा, भांड्याचं तोंड कणकेनं पक्कं लिंपायचं आणि मंद आचेवर चोवीस तास राहू द्यायचं. हा सरळसरळ दमाचा प्रकार आहे. एकात एक बसवलेले पक्षी उघड्या आचेवर नीट होत नाहीत, हे त्या काळच्या जाणकारांना पुरतं ठाऊक होतं. आणि या दोन्ही कृती ज्या घरांसाठी लिहिल्या गेल्या, त्यांच्या मुदपाकखान्यात नोकरांचा ताफा होता. सतरा पक्षी मालकाला सोलायचे नव्हते.

मग आपल्या काळात हा प्रकार घरोघरी कसा पोचला? त्याचं श्रेय बरंचसं टेलिव्हिजनला आहे. अमेरिकन फुटबॉलचे लाडके समालोचक जॉन मॅडन यांनी १९९६ साली न्यू ऑर्लिन्समधल्या सामन्याच्या वेळी टर्डकेन पहिल्यांदा चाखला आणि तो त्यांना इतका आवडला, की पुढं थँक्सगिव्हिंगच्या सामन्यांशी त्यांनी तो कायमचा जोडून टाकला. प्रेक्षकांनी पाहिला तो तयार झालेला पदार्थ आणि त्यावर तुटून पडलेला एक आनंदी माणूस. सुरी, दाभण आणि आदल्या दिवशीचा ओटा त्यात कुठं दिसत नव्हता.

बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं

टर्डकेनच्या चाहत्यांचा पहिला मुद्दा असा, की बदकाची चरबी कोरड्या टर्कीला ओलावा देते. ऐकायला पटणारा आहे, पण मांस कोरडं पडतं ते तापलेले तंतू आकसून त्यांतलं पाणी बाहेर पिळलं जातं म्हणून. बाहेरची चरबी त्या तंतूंमध्ये शिरत नाही. ती टर्कीच्या आतल्या बाजूला, सारणाच्या थरात मुरते. म्हणूनच टर्डकेनमधली खरोखर उत्तम गोष्ट मांस नसून सारण आहे. मक्याचा पाव तीन पक्ष्यांचा रस आणि बदकाची चरबी पिऊन जो काही होतो, त्याची थोरवी मी मनापासून मान्य करतो. पण तेच सारण भाजलेल्या बदकाखाली साठलेल्या चरबीत, तव्यातल्या रसात परतून आणि ओव्हनमध्ये घालूनही मिळतं. वर त्याला खरपूस पापुद्रा येतो, जो आत दडपलेल्या सारणाला कधी येत नाही.

दुसरा मुद्दा वजनदार आहे: सणाला हिशेब कसला? वर्षातून एकदा घाम गाळायचा नाही तर कधी? याच्याशी मी निम्मा सहमत आहे. अनारशांसाठी तांदूळ तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलतं, मग ते वाळवून कांडायचे, गुळात कालवून पीठ मुरत ठेवायचं, आणि एवढं करून तुपात विरघळले तर सगळं मुसळ केरात. तरीही अनारसे करावेत, कारण ती जाळी आणि ती चव दुसऱ्या कुठल्याच मार्गानं येत नाही. कष्टांना माझा विरोध नाही. कष्टांच्या शेवटी दुसरीकडे न मिळणारं काही हाती आलं पाहिजे, एवढीच अपेक्षा. टर्डकेनचे तेच तीन पक्षी वेगवेगळे भाजले तर तिन्ही जास्त चांगले होतात. टर्कीचा कणा काढून ती चपटी करून कडक ओव्हनमध्ये ठेवली तर दीड तासात तयार होते. बदकाची चरबी सुटून कातडी काचेसारखी होते. कोंबडी आपली कोंबडी राहते. तीन वस्तूंचं एकत्रीकरण प्रत्येकीचं काहीतरी काढून घेत असेल, तर कष्ट करूनही ताटात कमीच पडलं.

तिसरा मुद्दा मात्र मी पूर्ण मान्य करतो. टर्डकेनच्या कापांत हाड नसतं. मीठ-मसाला बाहेरच्या कातडीपासून मध्यापर्यंत प्रत्येक थरात लागलेला असतो. वीस-पंचवीस माणसांना सारखे, एकसंध काप वाढता येतात, छाती कुणाला आणि तंगडी कुणाला हा प्रश्न उरत नाही, आणि उरलेला तुकडा दुसऱ्या दिवशी थंड कापला तरी तितकाच चांगला लागतो. हा गुण भाजलेल्या पक्ष्याचा नाही, भरलेल्या सॉसेजचा आहे. टर्डकेनकडे त्या नजरेनं पाहिलं की त्याच्याबद्दलची निराशा कमी होते आणि तो कुठं शोभतो हेही कळतं. मोठ्या पंगतीला तो शोभतो.

खर्चाचा मुद्दा घरी करणारे नेहमी काढतात: दुकानातला महाग पडतो. पक्ष्यांच्या किमतीपेक्षा महाग पडणारच. त्यातलं बरंचसं मोल मजुरीचं असतं. घरी केल्यावर ती मजुरी नाहीशी होत नाही, ती घरातल्या कुणाच्या तरी वाट्याला येते. बहुतेक घरांत ते कुणीतरी म्हणजे बाईच असते, आणि सणाच्या आदल्या रात्री एक वाजता ती दाभणात दोरा ओवत असते. स्वस्त कशाला म्हणायचं हे ठरवताना हे मोजलं नाही, तर हिशेब खोटा होतो.

वसई, गोवा आणि न्यू जर्सीसाठी

आपल्या किनाऱ्यावर नाताळला पक्षी भाजायची आणि भरायची रीत जुनी आहे. वसई-वांद्र्याच्या ईस्ट इंडियन घरांत कलेजी-पेटा आणि बटाट्याचं सारण भरलेली कोंबडी किंवा बदक असतं, बदकाचं मोईल असतं. गोव्यात सारण भरून भाजलेलं डुकराचं पिल्लू असतं. या पदार्थांमागचं शहाणपण लक्षात घेण्यासारखं आहे. एका वेळी एकच प्राणी भरायचा, सारण बेताचं ठेवायचं. बदक ओलं शिजवायचं असेल तर उघड उघड रस्स्यातच शिजवायचं, चरबी वर येऊ द्यायची आणि व्हिनेगरच्या आंबटपणानं ती तोडायची. बदकाला बंद जागेत कोंडून भाजल्याचा आव तिथं कुणी आणत नाही.

ज्यांना एकात एक पक्षी बसवायचाच आहे, त्यांनी दोनावर थांबावं. बाहेर बदक, आत कोंबडी. मोठा पक्षी बाहेर ठेवायचा नियम इथं मोडत नाही आणि खरपूस होण्याजोगी कातडी नेमकी बाहेर येते. आतल्या कोंबडीची कातडी पूर्ण काढून टाकावी, कारण ती आत काही कामाची नाही. गुंडाळी मनगटापेक्षा फार जाड होऊ देऊ नये, आच मध्यापर्यंत वेळेत पोचते. सारण फ्रिजमध्ये गार करून मगच भरावं आणि भरल्यावर लगेच ओव्हनमध्ये घालावं, रात्रभर भरून ठेवू नये. मांसात खुपसायचा थर्मामीटर नसेल तर हा बेतच रद्द करावा. हाडं टाकू नयेत. त्यांचा रस्सा करून त्यातच ग्रेव्ही करावी. एवढं एका माणसाला एका सकाळीत जमतं आणि आठ माणसांना पुरतं.

पूर्ण टर्डकेन हवा असेल तर वीस माणसं जेवायला असताना, जाणत्या खाटकाकडून, गोठवलेला मागवावा आणि दुकानाच्या सूचना अक्षरशः पाळाव्यात. सहा-आठ माणसांच्या घरी तो करू नये. त्या घरासाठी एक टर्की किंवा एक बदक, नीट भाजलेलं, पुरेसं आहे.